जाडं ऑइल हा इलाज नव्हे

इंजिन बांधून आठवडा होत नाही तोच गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. अकोला काय नि अमरावती काय, हायवेवरच्या कित्येक गॅरेजमध्ये यावर उत्तर ठरलेलं: "काई होत नाही भाऊ, जाडं ऑइल टाका." १५डब्ल्यू-४० काढा, २०डब्ल्यू-५० ओता. काटा चढतो, मालक खूश, मिस्त्री खूश. आणि ट्रक रवाना.

माझ्या मते ही दुरुस्ती नाही, काट्याची समजूत काढणं आहे. (आपण सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट क्लोज करतो, तसंच.)

मुळात पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीतून बाहेर पडताना ऑइलला होणाऱ्या अडथळ्यामुळे. आणि ही फट मोठी खुनशी चीज. तिच्यातून निसटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट, तर गळती आठपट! टाटाचं जुनं ६९७ घ्या. ६ सिलिंडर, ९७ मिमी बोर, नावातच सगळं. त्यात ७ मेन नि ६ बिग एंड बेअरिंग, म्हणजे १३ नळ. क्रँक ०.२५ अंडरसाइज घासताना लेथवर दोन-तीन शतांश मिमी जास्त गेले, की तेरा नळ थोडे थोडे उघडेच राहिले. जाड ऑइलने फट बुजत नाही. उलट बेअरिंगमधून ऑइल कमी वाहतं, आणि तिथली उष्णता बाहेर नेतं ते वाहणारं ऑइलच. काट्याला हे दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, वऱ्हाडातला मे महिना, ४५ डिग्री, जाड ऑइल लागणारच. लागू दे ना! कंपनीच्या पुस्तकात असेल तर बिनधास्त टाका. पण आधी सेंडर काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा, काटाच खोटा नाही ना ते बघा. ऑइलमध्ये डिझेल उतरून ते पातळ झालंय का, वास घ्या. मग चेंबर खोला: जाळीच्या पाइपचा जॉइंट हवा ओढतोय का, रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलाय का, गॅलरीचा एखादा प्लग बसवायचा राहिलाय का. तरी सापडलं नाही तर कॅप काढून मायक्रोमीटर नि प्लॅस्टिगेज.

एवढं कोणी करत नाही याचं खापर एकट्या मिस्त्रीवर फोडू नका. सोयाबीन-कापसाचा सीझन, फायनान्सचा हप्ता, "उद्या लोड करायची आहे" म्हणून डोक्यावर बसलेला मालक. आणि लेथवाल्याचं बिल? 'क्रँक ग्राइंडिंग', पुढे रक्कम. माप नाही!

जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किमीची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवला. त्याच रस्त्यावर मूर्तिजापूरजवळ बेअरिंग फिरून क्रँक गेलेल्या ट्रकच्या मालकाकडे त्याच्या क्रँकचं एक माप कागदावर नसतं. भांडणार कशाच्या जोरावर? हप्ता तर थांबत नाही.

म्हणून ट्रकमालकांनो, उरलेले पैसे देण्याआधी कागद मागा. तेरा जर्नलची मापं, प्रत्येक बेअरिंगची फट आणि गरम इंजिनचं आयडलचं प्रेशर, कोणत्या ऑइलवर घेतलं तेही. मिस्त्री चिडला तर चिडू द्या.