हिरवी शाई आणि चढलेला षड्ज

कॉम्पॅक्ट डिस्कच्या कडेला हिरव्या शाईची रेघ मारली की गाणे अधिक गोड ऐकू येते, असा प्रवाद १९९० च्या सुमारास पाश्चात्त्य शौकिनांत पसरला. त्यासाठी खास लेखण्याही विकल्या गेल्या. कोणी तबकडी गोठवून पाहिली, कोणी तिचे चुंबकत्व घालविणारी यंत्रे काढली. सीडीचा जमाना ओसरला. असल्या उपायांवरील श्रद्धा मात्र ओसरलेली नाही.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांची ही तबकडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर स्वर नसतो, आकडे असतात. दर सेकंदास ४४,१०० वेळा घेतलेली ध्वनीची मापे सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने उमटविलेली असतात. ती वाचणारा लेसर अवरक्त प्रकाशाचा. आपल्या डोळ्यांस हिरवी दिसणारी शाई त्याला अडवील, याला आधार कोणता? आणि वाचन प्रकाशाने होत असता चुंबकत्वाचा संबंध काय? किरकोळ ओरखड्याने गळालेले आकडे भरून काढण्याची तजवीजही मुळातच केलेली आहे. रेघेपूर्वीचे व नंतरचे आकडे कोणीही संगणकावर ताडून पाहावेत. फरक ऐकू आला असे सांगणारा खोटे बोलतो, असे आम्ही म्हणत नाही. खर्चलेल्या पैशाच्या बाजूने कान साक्ष देतातच!

नागपूर-इटारसी लोहमार्गावरील तिगाव हे मध्य प्रदेशातील गाव, मराठी मुलखाच्या वेशीवरचे. तेथील एखाद्या घरातील तबकडीवर आणि पणजीच्या धनिकाकडील त्याच तबकडीवर आकडे तेच असतात. या शोधातील ही समता आम्हांस मोलाची वाटते.

खरा घात होतो तो त्याआधी. आमच्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्यांच्या पिढीचे कितीतरी गाणे लाखेच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर आहे. ते सीडीवर उतरविताना मिनिटाला ७८ फेऱ्यांची मुद्रिका ८० च्या गतीने फिरली, तर गायिकेचा षड्ज जवळजवळ पाव स्वराने चढतो. हा चढलेला षड्ज कोणत्याही शाईने उतरत नाही. शौकिनांनी लेखणीचे पैसे वाचवावेत आणि प्रकाशकांना खडसावून विचारावे, की हे गाणे कोणत्या मुद्रिकेवरून व कोणत्या गतीने उतरविले, याची नोंद वेष्टनावर का नाही?