पिन बसली म्हणजे झालं?

संध्याकाळी होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर उभे राहा. एक हाक हमखास ऐकू येते, "ए, गोल पिनचा अ‍ॅडॉप्टर आहे का रे कुणाकडे?" किती व्होल्टचा, हे विचारणारा महाभाग मला अजून भेटायचा आहे. मग तो इलेक्ट्रिकलचा असो, ई अँड टीसीचा असो नाहीतर सिव्हिलचा. सगळ्यांचा निकष एकच, पिन बसली पाहिजे!

आणि ही पिनच सगळ्यात फसवी. बाहेरून ५.५ मिमी आणि आतून २.१ मिमी अशी तीच पिन कुठे ५ व्होल्टच्या यूएसबी हबला असते, कुठे ९ किंवा १२ व्होल्टच्या राउटरला. काही लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरचं भोक आतून २.५ मिमीचं असतं. तो २.१ च्या सॉकेटमध्ये ढिला का होईना, जातोच! पोलॅरिटीचा घोळ वेगळाच. बहुतेक उपकरणांत पिनच्या मध्यभागी धन आणि बाहेर ऋण असतं, पण गॅदरिंगला वाजवणाऱ्या गिटारवाल्यांना विचारा, त्यांच्या ९ व्होल्टच्या पेडल्सना बहुधा नेमकं उलटं लागतं. ते ओळखायची खूण, ठिपका, अर्धवट वर्तुळ आणि दोन्हीकडे अधिक-उणे, अ‍ॅडॉप्टरच्या लेबलावर छापलेली असते. वाचतो कोण?

उलट जिथे घाबरायचं कारण नाही तिथे आपण घाबरतो. "अरे, हा २ अँपिअरचा आहे, माझा राउटर १ चा, जळेल ना!" नाही जळणार. व्होल्टेज बरोबर असेल तर उपकरण त्याला हवा तेवढाच करंट घेतं. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. कमी असले की अ‍ॅडॉप्टर तापतो, राउटर दर पाच मिनिटांनी रीस्टार्ट होतो आणि आपण नेटवाल्याला शिव्या घालतो. ओहमचा नियम फर्स्ट इयरला लिहून मार्क घेतले, ते बहुधा तिथेच सोडून आलो.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एका १२ व्होल्टच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कला कुणीतरी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला. जळका वास आला आणि डिस्क गप्प. आत चौघांच्या फायनल इयर प्रोजेक्टची सगळी रीडिंग्ज होती आणि सबमिशन तोंडावर. सुदैवाने डिस्कच्या बोर्डवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होऊन बाकीचं वाचलं होतं. डेटा मिळाला, पण सबमिशन झाल्यावर. बिल चौघांनी वाटून भरलं.

आता टाईप-सी आलंय, त्यामुळे हा प्रश्न संपला असं काही जण म्हणतात. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना ते सक्तीचं केलं. त्यातली पद्धत खरंच शहाणी आहे. चार्जर आधी ५ व्होल्टच देतो, उपकरणाने मागितले तरच ९, १५ किंवा २० वर जातो. पण आपले राउटर, मोठ्या हार्ड डिस्क, एलईडीच्या पट्ट्या अजून गोल पिनवरच आहेत. आणि आपले प्रोजेक्टसुद्धा!

माझं खरं भांडण इथे आहे. चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावणाऱ्याला सगळे वेड्यात काढतात. सॉकेटशेजारी "१२ व्होल्ट" एवढंही न छापणाऱ्या डिझायनरला कुणी काही बोलत नाही. आणि उद्याचे डिझायनर आपणच ना? प्रोजेक्ट एक्झिबिशनला टेबलं फिरून बघा. उघडा जॅक, ना लेबल ना डायोड. एक-दोन रुपयांचा डायोड सिरीजमध्ये टाकला तर उलटी पोलॅरिटी आत शिरत नाही. अर्डुइनो ऊनोच्या जॅकमागे तो असतोच, आपण मात्र स्वतःच्या सर्किटमध्ये विसरतो. व्हायव्हाला येणाऱ्या सरांनी पहिला प्रश्न "याला कुठला अ‍ॅडॉप्टर लावायचा आणि दुसरा लावला तर काय होईल?" हाच विचारावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर, जिन्याखाली पासआऊट सीनियर्सनी टाकून दिलेल्या अ‍ॅडॉप्टरचं खोकं आहे. रेक्टर सरांनी लॅबमधला एक मल्टिमीटर शनिवारपुरता आणायला परवानगी दिली, तर पांढरी टेप आणि मार्कर मी आणतो. एकेक मोजून व्होल्ट आणि पोलॅरिटी लिहून टाकू. लेबलच उडालेले तर आधी काढू, कारण त्यात एखादा एसी आउटपुटवालाही निघायचा.