‘कामगार’ हा शब्द कोठे गेला?

गेल्या शैक्षणिक वर्षात आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ‘मराठी भाषा आणि रोजगाराच्या संधी’ ह्या विषयावर एकदिवसीय चर्चासत्र झाले. (ह्या विषयावर चर्चासत्र न झालेले महाविद्यालय आता शोधूनच काढावे लागेल.) बीजभाषण उत्तम झाले, म्हणजे आकडेवारीने भरलेले झाले. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था देशात सर्वांत मोठी. देशाच्या सकल उत्पन्नात एकट्या राज्याचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. आता लक्ष्य ट्रिलियन डॉलरचे. मग मनुष्यबळ, कौशल्यविकास, उद्योजकता, आशयनिर्मिती. मागच्या बाकांवर आमची मुले वहीत हे सगळे उतरवून घेत होती. त्यांतल्या निम्म्यांचे आईबाप कोठल्या ना कोठल्या मजुरीवर आहेत. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत, आभारप्रदर्शन धरून, त्या सभागृहात ‘कामगार’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. ‘मनुष्यबळ’ मात्र शंभरदा. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते हे आपण अकरावीला शिकवतो. इथे प्रधान काय आहे आणि गौण काय, हे त्या समासानेच सांगून टाकले आहे.

माझा आक्षेप आकड्यांना नाही. आकडे खरे आहेत, आणि हे राज्य संपन्न आहे हेही खरे आहे. आक्षेप आहे तो आपल्याला: मराठी शिकवणाऱ्यांना, मराठीतून समीक्षा लिहिणाऱ्यांना. श्रमाच्या मराठी शब्दसंग्रहात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक मोठी उलथापालथ झाली आणि शब्दांवर पोट भरणाऱ्या आपल्या जमातीने तिची दखल घेतली नाही. उलट ते नवे शब्द आपणच अभ्यासक्रमात आणून बसवले.

नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला तरी हे दिसायला हवे होते. (2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, तोंडात अजून नगरच येते, त्याबद्दल क्षमस्व.) राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा हा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. उत्तरेत भंडारदऱ्याचे पाणी, प्रवरेचे कालवे, ऊस. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत ही कोरड आणि स्थलांतर. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता ह्यांच्या खटपटीतून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात त्याची चाके फिरली. महाराष्ट्राचे आर्थिक सामर्थ्य म्हणून जे मिरवले जाते त्याचा एक मोठा उगम इथे आहे. तेव्हा त्या सामर्थ्याची भाषाही इथेच तपासावी.

लक्षणा शिकवताना आपण वर्षानुवर्षे ‘घरावरून हत्ती गेला’ हे उदाहरण देतो. हत्ती कोणाच्याच घरावरून जात नाही. आपल्या डोळ्यांसमोर दर दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून जे जाते त्याला ‘कोयता’ म्हणतात. ‘माझ्याकडे वीस कोयते आहेत,’ असे मुकादम म्हणतो, तेव्हा तो अवजारे मोजत नसतो. जोडपी मोजत असतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो, मजुरी टनावर आणि टन दोघांचा मिळून. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात ऊस सोलते, मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. ह्या साऱ्याचा मोबदला म्हणून तिच्या नावाचा एक रुपयाही वेगळा मांडला जात नाही, कारण मोजमापाचा शब्दच असा आहे की त्यात ती विरघळून जाते. दिवस बुडाला तर मात्र ‘खाडा’ लागतो, आणि तो तिच्या पाळीच्या दिवसांतही लागतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हळहळ व्यक्त केली. ‘कोयता’ ह्या शब्दाचे विश्लेषण मात्र कोणी केले नाही. समीक्षेचे काम तर तेच होते. लक्षणा निरुपद्रवी नसते. कोणाला झाकायचे हेही ती ठरवते.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण करार कोणाकोणात होतो ते पाहावे. साखर कारखान्यांचा संघ आणि संघटनांचे नेते दर ठरवतात. प्रत्यक्ष फडातल्या माणसाचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी, आणि कारखाना ह्या साखळीच्या पलीकडल्या टोकाला. सहकाराच्या व्याकरणात ‘सभासद’ म्हणजे ज्याचा ऊस आहे तो. ‘कायम कामगार’ आणि ‘हंगामी कामगार’ हे कारखान्याच्या हजेरीपटावर असतात. हंगामीला गळीत नसतानाच्या काळात थोडाबहुत भत्ताही असतो. ज्याच्या कोयत्याशिवाय गव्हाणीत मोळी पडणार नाही तो ह्या तिन्हींपैकी कशातच नाही. सहकारातल्या ‘सह’ ह्या उपसर्गात पाथर्डीच्या माणसाला जागा मिळाली नाही, ती मिळावी असा आग्रहही फारसा कोणी धरला नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो हे लपवत नाही. ह्या जिल्ह्यातली कितीतरी महाविद्यालये ह्याच साखरेतून उभी राहिली, आणि त्यांतूनच आमच्या पिढीला शिक्षण मिळाले. ते उपकार खरेच आहेत. पण उपकारकर्त्याचे शब्द तपासू नयेत असा काही नियम नाही.

शहराकडे वळू. 1972 मध्ये नगरला कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना तयार होऊ लागली. मग औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्या आल्या. आमच्या लहानपणी स्थळ बघताना एक शब्द निर्णायक असे: ‘पर्मनंट’. मुलगा कंपनीत पर्मनंट आहे, एवढ्यावर लग्ने ठरत. इंग्रजी असूनही तो आजीच्या तोंडी रुळला होता, कारण त्यामागे युनियन होती, करार होता, बोनस होता. आज सुप्याच्या रस्त्याला मोठमोठ्या शेड उभ्या आहेत आणि रोजगारही आहे, नाही असे नाही. मात्र दोन वर्षांपूर्वी बी. ए. झालेला माझा एक विद्यार्थी एका कारखान्याचे नेमणूकपत्र घेऊन माझ्याकडे आला. ‘सर, ह्याचा अर्थ काय?’ पत्र इंग्रजीत होते, सोबत मराठी तर्जुमा. त्यात तो ‘प्रशिक्षणार्थी’ होता. त्याला पगार नव्हता, ‘विद्यावेतन’ होते. आणि ‘सदर कालावधीमुळे नोकरीबाबत कोणताही हक्क निर्माण होणार नाही’ असे एक वाक्य होते. मुलगा तीन पाळ्यांत यंत्रावर उभा राहत होता. तो ‘विद्या’ कोणती घेत होता ते त्यालाही ठाऊक नव्हते, मलाही नाही. मी त्याला तीन वर्षे मराठी शिकवले. अर्जलेखन शिकवले, दहा गुणांना. अर्जाला आलेले उत्तर कसे वाचायचे, हे मात्र शिकवले नाही.

खाजगी कारखान्यांना तरी काय बोलायचे? ह्या भाषेचे मुख्य शिल्पकार शासनच आहे. 2000 मध्ये महाराष्ट्रात ‘शिक्षणसेवक’ आले: शिक्षकाचे काम, सेवकाचे मानधन, तीन वर्षे. अंगणवाडीत ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’. आरोग्यखात्यात तर ‘आशा’. नोकरीचे नावच आशा, ह्यावर काय भाष्य करणार? 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये ‘विद्यावेतन’, सहा महिन्यांसाठी. पुढे मुदत वाढली, पण नाव तेच राहिले. त्याआधी सप्टेंबर 2023 मध्ये खाजगी संस्थांमार्फत सरकारी कार्यालयांत कंत्राटी भरती करण्याचा शासननिर्णय निघाला होता. ओरड झाल्यावर तो ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. ओरड का झाली? कारण त्यात ‘कंत्राटी’ हा शब्द उघड होता. सेवक, मानधन, तासिका ह्या शब्दांनी तेच साधले असते तर पान हलले नसते. इतकी वर्षे हललेच नव्हते.

ह्यातला ‘मानधन’ हा शब्द मला सर्वांत धूर्त वाटतो. वेतन मागता येते. मान मागायचा नसतो, दिला तर घ्यायचा असतो. गुजरातेतल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. त्यासाठी न्यायालयाला काय करावे लागले? तर ज्याला मानधन म्हटले आहे ते कायद्याच्या दृष्टीने वेतनच आहे, असा अर्थ लावावा लागला. संहितेचे बारकाईने वाचन म्हणतात ते हेच. ते न्यायाधीशांनी केले. त्यानंतरही डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना संपावर जावे लागले, ही गोष्ट निराळी.

मी स्वतः अनेक वर्षे घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवले आहे. (संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळीकडे तेच.) जूनमध्ये मुलाखत, मार्चअखेर विराम, उन्हाळ्यात काही नाही. तास घेतला तर पैसे. तास घेण्यासाठी केलेले वाचन हा आमचा छंद. तेव्हा ‘कोयता’ आणि ‘तासिका’ ह्यांत मला फार अंतर दिसत नाही. अंतर असलेच तर उचल मिळत नाही एवढेच. तरी आपण मेळाव्यात ‘प्राध्यापक’ म्हणून मिरवतो आणि हंगामी म्हणवून घ्यायला लाजतो.

मराठी असे शब्द घडवण्यात नेहमीच लाचार होती असे मुळीच नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. ‘माथाडी’ हा बंदरातला, बाजारपेठेतला, घामाचा शब्द. 1969 मध्ये तो थेट राज्याच्या अधिनियमाच्या नावात जाऊन बसला. ‘रोजगार हमी’ हे दोन शब्द 1977 च्या कायद्याने ह्या राज्याला दिले, केंद्राच्या 2005 च्या कायद्याच्या कितीतरी आधी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांची नातवंडे आज आमच्या वर्गात आहेत. ‘हमी’ ह्या शब्दात शासनाने स्वतःला बांधून घेतले होते. ‘संधी’ ह्या शब्दात कोणीच बांधलेले नसते; साधली नाही तर दोष तुमचा.

आता आपल्या घरातले. ‘माझे विद्यापीठ’चे कवी नारायण सुर्वे ह्यांना आपण ‘कामगार कवी’ हे बिरूद देऊन एका कप्प्यात ठेवले आणि कप्पा बंद केला. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत आपल्याला माती, बोली आणि पाऊस दिसला. मजुरीचा दर दिसला नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’वर आपल्या विभागांतून कितीतरी शोधनिबंध लिहिले गेले असतील. त्यातला एकनाथ एम. ए., बी. एड. होऊन नोकरीसाठी पैसे नसल्याने शेतीत अडकतो. हा नायक शिकवताना वर्गात समोर बसलेल्या एकनाथांकडे आपण पाहतो का, की ‘शेतकऱ्याच्या शोकांतिकेचे चित्रण’ असे फळ्यावर लिहून पुढे जातो? रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात शिकवत होते. ‘ताम्रपट’ ह्याच भागातल्या राजकारणाचा आणि संस्थांचा पट मांडते. आपण तिची ‘महाकादंबरी’ म्हणून थोरवी गायली. त्यात वर्णिलेल्या संस्थांतच आपण काम करतो, ह्याचा उच्चार टाळूनच गायली.

आणि अभ्यासक्रम! नव्या शैक्षणिक धोरणानंतर ‘उपयोजित’, ‘व्यावसायिक’, ‘कौशल्याधारित’ ह्यांची झुंबड उडाली. जाहिरातलेखन, निवेदन, मुद्रितशोधन. ह्यांत वाईट काही नाही. मुद्रितशोधन तर सर्वांनाच यायला हवे. पण 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. अशा राज्यात ‘मराठीत भरपूर संधी आहेत’ असे मुलांना सांगणे ही थाप आहे, आणि ती आपण आपला कार्यभार टिकवण्यासाठी मारतो. वर्गात मुले नसतील तर तास नाहीत, तास नसतील तर आपण नाही. एवढे साधे अर्थशास्त्र ह्या रोजगारप्रेमामागे आहे.

कोणी म्हणेल, हा समाजशास्त्राचा प्रांत. साहित्याच्या शिक्षकाने साहित्य शिकवावे. हा युक्तिवाद मी आदराने ऐकला असता, जर तो करणाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत जाहिरातलेखनाची कार्यशाळा घेतली नसती. बाजाराची भाषा लिहायला शिकवणे साहित्यात बसते आणि तीच भाषा वाचायला शिकवणे समाजशास्त्रात जाते, ही विभागणी कोणी केली? दुसरे कोणी म्हणेल, शब्द बदलून पोट भरत नाही. बरोबर. पण मग शासन आणि कंपन्या शब्द बदलण्यासाठी एवढे कष्ट का घेतात?

ह्या वर्षी व्यावहारिक मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनात मी एक प्रश्न घातला आहे. घरातल्या किंवा शेजारच्या कोणाचेही नेमणूकपत्र, उचलीची पावती, हजेरीकार्ड किंवा मानधनाचा आदेश आणावा. त्यातली क्रियापदे आणि कर्ते अधोरेखित करावेत. कर्ता गाळला असेल तेथे तो कोण हे लिहावे. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस जणांनी कागद आणले. चौघींनी लिहिले की आईच्या कामाचा कागदच नाही. त्यांना गुण कसे द्यायचे, ह्यावर विभागात अजून एकमत झालेले नाही.