सात पिढ्यांचा आगमनकाळ

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांतून नाताळच्या तयारीची लगबग सुरू होते. कोणी घराला चुना लावतो, कोणी गोठ्यासाठी बांबू आणि पेंढा गोळा करतो, मुले तारा बांधण्याच्या खटपटीला लागतात. गोव्याच्या वाचकांना हे दिवस आणखी एका कारणाने जिव्हाळ्याचे वाटतात. ३ डिसेंबरचा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण याच दिवसांत येतो आणि जुन्या गोव्याची वाट यात्रेकरूंनी फुलून जाते. या संताच्या सणातून नाताळकडे जाणारी एक वाट आहे. ती फार दूरच्या देशातून, जपानातून जाते. आज आपण त्या वाटेने थोडे चालू या. कारण आपल्यांपासून दूर राहून नाताळ साजरा करावा लागणे म्हणजे काय, हे त्या वाटेवर जसे कळते तसे अन्यत्र क्वचितच कळेल.

१५४९ च्या एप्रिल महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. दोन वर्षांहून थोडा अधिक काळ ते त्या देशात राहिले. पुढे चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असता ३ डिसेंबर १५५२ रोजी एका बेटावर त्यांनी देह ठेवला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी जपानच्या यामागुची नगरात त्यांचे सहकारी फादर कोस्मे दे तोरेस यांनी तेथील नवख्रिस्ती लोकांसह नाताळ साजरा केला. जपानातील पहिला नाताळ तो हाच, असे मानतात. पेरणारा शेताबाहेर गेला होता. अंकुर मात्र वर आला होता.

या शेतात आपल्या मराठी मुलखाचेही रक्त सांडलेले आहे. वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानात गेले, तेथील भाषा शिकले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मरण पावले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस रक्तसाक्ष्यांना संतपद दिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

१६१४ साली जपानच्या राज्यकर्त्यांनी संपूर्ण देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकलून देण्यात आले; लपून राहिले त्यांना शोधून ठार करण्यात आले. देशात उरलेले शेवटचे धर्मगुरू १६४४ साली रक्तसाक्षी झाले. त्या दिवसापासून जपानात मिस्सा थांबली. पापनिवेदन ऐकणारा कोणी उरला नाही. मंदिरे जमीनदोस्त झाली होती, घंटा मुक्या झाल्या होत्या, आणि बाहेरच्या जगाशी सारा संबंध तुटला होता. अशी सुमारे सव्वादोनशे वर्षे गेली.

मग तेथील ख्रिस्ती लोकांनी काय केले? नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी आणि कोळी यांनी आपली कामे आपसांत वाटून घेतली. उराकामी खोऱ्यात एक वडीलधारा मनुष्य सणांच्या तिथी सांभाळी. दुसरा मुलांना बाप्तिस्मा देई. त्याला जपानी भाषेत 'पाण्याचा माणूस' अशा अर्थाचे नाव होते. तिसरा घरोघर निरोप पोचवी. ना दीक्षा, ना झगा, ना मानधन! ही सर्व मंडळी दिवसा चिखलात भात लावणारी आणि रात्री समाजाची श्रद्धा राखणारी.

तिथी सांभाळणाऱ्याचे काम सर्वांत नाजूक होते. आपल्याकडे जशी पंचांगाने तिथी पाहण्याची रीत आहे, तशी जपानातही तेव्हा चांद्र महिन्यांची कालगणना होती. तिच्याशी ख्रिस्ती सणांचा मेळ घालून १६३४ सालची एक सणावळी तयार झाली होती. तिला बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाचे नाव आहे. तीच सणावळी हाताने उतरवून, पाठ करून, पिढ्यान्‌पिढ्या चालवली गेली. तिच्या आधारे नाताळ केव्हा, चाळीस दिवसांचा उपवासकाळ केव्हा, कोणत्या दिवशी शिवणकाम वर्ज्य, हे सारे ठरे. धर्मगुरू नाहीत, मंदिर नाही, ग्रंथ जवळजवळ नाहीत. पण आज कोणता दिवस आहे हे त्या लोकांना ठाऊक होते! छळणाऱ्यांनी त्यांच्यापासून सर्व काही हिरावले, परंतु वर्षातील पवित्र दिवस काही त्यांना हिरावता आले नाहीत.

त्यांच्या नाताळचे नावही वाचकांनी ऐकावे. ते त्या सणाला 'नातारा' म्हणत. आपला 'नाताळ' आणि त्यांचा 'नातारा' हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत. इकित्सुकी नावाच्या बेटावर नाताळच्या आदल्या रात्रीला 'बाळंतपणाची वाट पाहण्याची रात्र' अशा अर्थाचे नाव आहे. घरात सून अडलेली असावी, शेजारच्या खोलीत आजीने जपमाळ ओढत जागे राहावे, तशी ती रात्र! आगमनकाळाचा इतका घरगुती आणि इतका खरा अर्थ दुसऱ्या कोणत्या नावात सापडेल?

त्या रात्री दारे लावून घेत आणि मंद आवाजात प्रार्थना म्हणत. त्या प्रार्थनांत लॅटिन व पोर्तुगीज शब्द होते. त्यांचा अर्थ हळूहळू पुसट झाला, पण शब्द जिभेवर राहिले. मिस्सा नव्हती, म्हणून भात, तांदळाचे मद्य आणि मासळी भक्तिभावाने पुढे ठेवून ती सर्वांनी मिळून खावी, अशी रीत पडली. पवित्र मरियेची मूर्ती उघड ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा बाळ घेतलेल्या दयादेवीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्तीत ते मरियामातेला पाहत. आणि म्हाताऱ्या माणसांनी मुलांना सांगितलेल्या ख्रिस्तजन्माच्या कथेत गोठ्यातील गुरे आणि घोडा आपल्या श्वासाची ऊब देऊन थंडीने गारठलेल्या बाळाला जपत. ज्याच्या घरी बैल आहे अशा शेतकऱ्याला ही कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही.

परंतु वर्ष पालटले की दुसरी एक रात्र येई. वर्षारंभी नागासाकीत सरकारी अधिकारी ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि प्रत्येकाने तीवर पाय द्यावा असा हुकूम असे. नाकारील त्याला तुरुंग, हालअपेष्टा किंवा मरण. कित्येकांनी मरण पत्करले. कित्येकांनी थरथरत्या पायांनी त्या प्रतिमेवर पाऊल ठेवले, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. १६०३ च्या सुमारास छापलेल्या एका पुस्तिकेने त्यांना शिकवले होते की, धर्मगुरू मिळणे अशक्य असेल तेव्हा देवावरील प्रीतीपोटी केलेला पूर्ण पश्चात्ताप देव नाकारीत नाही. त्यांच्या दुबळेपणाचा न्याय करण्यास आपण कोण? दरवर्षी पडणारे आणि दरवर्षी रडत उठणारे ते लोक होते. त्यांनी आपल्या मुलांना प्रार्थना शिकवण्याचे मात्र सोडले नाही.

ते कशाच्या आशेवर टिकले? परंपरा सांगते की, बास्तियानने मरणापूर्वी त्यांना एक वचन दिले होते: सात पिढ्या लोटतील, मग मोठ्या काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, आणि ख्रिस्ती गीते उघड्या रस्त्याने मोठ्याने गाता येतील. सात पिढ्या! आपल्याला चार आठवड्यांचा आगमनकाळ लांब वाटतो. पहिल्या पिढीतील बापाला पक्के ठाऊक होते की, हे आपल्या डोळ्यांना दिसणार नाही. तरीही त्याने ते मुलाला सांगितले, मुलाने नातवाला. स्वतःला मिळणार नाही अशा गोष्टीची वाट पाहणे, आणि ती वाट मुलांच्या हाती विश्वासाने सोपवणे, यालाच आगमनकाळ म्हणावे.

सात पिढ्या लोटल्या. १८६५ च्या फेब्रुवारीत नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी लोकांसाठी बांधलेल्या नव्या मंदिराचे उद्‌घाटन झाले. ते सव्वीस रक्तसाक्ष्यांना, अर्थात आपल्या वसईच्या संतालाही, अर्पण केलेले होते. १७ मार्च रोजी दुपारी उराकामीचे दहा-पंधरा स्त्रीपुरुष त्या मंदिराच्या दाराशी आले. फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ यांनी दार उघडले व ते वेदीपुढे गुडघे टेकून बसले. एक प्रौढ स्त्री त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. सांता मारियाची मूर्ती कोठे आहे? फादर त्यांना बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मरियेच्या मूर्तीपाशी घेऊन गेले. ती पाहताच त्यांना नाताळची आठवण झाली. त्यांनी फादरना सांगितले की, अकराव्या, म्हणजे दहिवराच्या महिन्याच्या पंचविसाव्या तिथीस आम्ही प्रभू येशूचा जन्मदिवस पाळतो, आणि सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे. खरोखरच त्या वेळी उपवासकाळ चालू होता! तिथी सांभाळणाऱ्या त्या अनामिक शेतकऱ्यांचे सव्वादोनशे वर्षांचे श्रम त्या एका वाक्यात फळाला आले.

येथे गोष्ट सुखाने संपावी असे कोणालाही वाटेल. पण बंदी अद्याप उठलेली नव्हती. १८६७ पासून पुन्हा धरपकड सुरू झाली आणि उराकामीच्या सुमारे ३,४०० ख्रिस्ती रहिवाशांना वीसएक निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. घरेच्या घरे फुटली. सहाशेहून अधिक माणसे त्या वनवासात मेली. १८७३ साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेले लोक उजाड शेतांकडे परतले. त्या हद्दपारीला ते नुसते 'प्रवास' म्हणत. १८८० साली त्यांनी गावच्या जुन्या मुखियाचे घर विकत घेतले. प्रतिमेवर पाय द्यायला त्यांच्या वाडवडिलांना ज्या घरात उभे करीत, तेच हे घर. त्यांनी तेथे प्रार्थनामंदिर केले आणि पुढे त्याच जागी भव्य उराकामी महामंदिर उभारले. काम १८९५ ला सुरू होऊन १९१४ ला मंदिराचा अभिषेक झाला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब त्याच खोऱ्यावर फुटला. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी सुमारे ८,५०० मरण पावले. महामंदिर कोसळले. परंतु एक घंटा ढिगाऱ्याखाली शाबूत राहिली होती. डॉक्टर नागाई ताकाशी, ज्यांची पत्नी त्या स्फोटात गेली होती, आणि त्यांचे सोबती यांनी ती उकरून काढली, आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री ती वाजली. भोवती घरे नव्हती. पण पत्र्याच्या झोपड्यांत राहणाऱ्यांना आज नाताळ आहे हे कळले. दुसरी घंटा मात्र फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतील कॅथोलिकांनी नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐंशी वर्षांनी, दोन्ही घंटा प्रथमच एकत्र वाजल्या.

वाचकहो, या इतिहासातून आपल्या घरासाठी काय घ्यावे? आपला छळ होत नाही, हे खरे. तथापि ताटातूट आपल्याही वाट्याला येते. कोणाचा मुलगा बोटीवर आहे, कोणाचा आखातात. ग्वाल्हेर-इंदूरकडे विखुरलेल्या कुटुंबांना जवळच्या मंदिरासाठी लांबचा प्रवास करावा लागतो. म्हातारी आई खाटेवर असल्याने घरातील एकाला मध्यरात्रीच्या मिस्सेस जाता येत नाही. २०२० सालच्या महामारीतील नाताळ तर सर्वांनाच आठवत असेल. मंदिरांत मोजक्याच माणसांना प्रवेश होता.

अशा वेळी उराकामीच्या शेतकऱ्यांची तीन कामे आठवावीत. पहिले, कोणीतरी दिवस सांभाळावा: आगमनकाळाचे रविवार मुलांना मोजायला शिकवावेत, रोज संध्याकाळी एक दिवा लावून प्रार्थना म्हणावी. दुसरे, श्रद्धा पुढच्या पिढीच्या हाती द्यावी: ख्रिस्तजन्माची कथा आजी-आजोबांनी आपल्या तोंडाने नातवंडांना सांगावी, ते काम यंत्रावर सोडू नये. तिसरे, निरोप पोचवावा: जो दूर आहे त्याला नाताळच्या रात्रीची प्रार्थनेची वेळ कळवून ठेवावी, म्हणजे तो आपल्या जहाजावर आणि आपण आपल्या ओटीवर, एकाच वेळी गुडघे टेकू.

आणि जे मिस्सेस जाऊ शकतात त्यांनी हेही विसरू नये की, आपल्याला दर रविवारी सहज लाभणाऱ्या या प्रसादासाठी एका समाजाने सात पिढ्या वाट पाहिली. यंदा मिस्सेहून परतताना शेजारच्या खाटेवरील म्हातारीच्या घरी पाच मिनिटे थांबा, प्रवचनात काय ऐकले ते तिला सांगा, आणि करंजीचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवा. तिचाही नाताळ तुमच्याच पावलांनी तिच्या घरी यायचा आहे.