हंडा सापडला, तर सांगायचं कुणाला?

१९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, छबू लक्ष्मण भिल्ल सरपणासाठी झुडपाची मुळं खणत होते. मातीतून निघालं काशाचं घबाड: बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. वजन साठ किलोंहून जास्त. ताम्रपाषाणयुगाच्या अभ्यासात आज या चार वस्तूंना टाळून पुढे जाता येत नाही.

नंदुरबारकरांनी ही गोष्ट आपली समजावी. दायमाबादच्या सर्वांत खालच्या थरातल्या संस्कृतीला नाव आहे ते पश्चिम खानदेशातल्या, तापीकाठच्या सावळदा गावाचं. शहादा तालुक्यात, तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केलं आणि तिथेही ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. त्याच काठावर आज नांगर चालतो, विहिरी खोदल्या जातात, पाया खणला जातो. पुढचा हंडा एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्याच हाती लागेल. तो हंडा सरकारपर्यंत पोचावा यासाठी आपण काय केलं आहे?

कायदा आहे, पण १८७८ चा. भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. धनावर कुणाचा हक्क निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेलं जमीनमालकाला. इथवर ठीक. पण वस्तू सरकारनेच घ्यायची ठरवली, तर मोबदला मिळतो तो नुसत्या धातूच्या किमतीएवढा, वर तिचा एक पंचमांश. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तीला मोडीचा भाव! त्यात पोलीस येतील, शेत अडकेल ही धास्ती. अशा वेळी माणूस गुपचूप सराफाकडे वळला, तर दोष एकट्या त्याचा नाही.

इंग्लंडने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या एका शेतात टेरी हर्बर्ट यांच्या मेटल डिटेक्टरला अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं लागलं. त्यांनी ते जाहीर केलं. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड, आणि ती त्यांच्यात व शेतमालकात वाटली गेली. तिथल्या १९९६ च्या कायद्यानुसार मोबदला बाजारभावाने ठरतो, आणि १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारे अधिकारी ठिकठिकाणी नेमले गेले. लबाडी तिथेही होते. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये सापडलेली सुमारे तीनशे नाणी दोघांनी लपवली. ते तुरुंगात गेले, पण परत मिळाली अवघी ३१.

डिटेक्टर मात्र आपल्याकडे मोकाट सुटू नये. कारण वस्तूइतकीच ती कुठल्या थरात होती ही माहिती मोलाची असते. दायमाबादची शिल्पं रीतसर उत्खननात मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळावर वाद झाला. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती उत्तर-हडप्पा काळातली मानली, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकवरून त्या काळाबद्दल शंका घेतली.

आणि वितळलेलं तर कायमचं गेलं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर क्षत्रप राजा नहपानाच्या मूळ छापावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. सातवाहनांच्या विजयाचा इतका ठसठशीत पुरावा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर चांदीची लगड तेवढी उरली असती.

म्हणून आधी कायद्यातला धातूचा भाव जाऊन त्या जागी पुरातत्त्वीय मोल आलं पाहिजे. संग्रहालयातल्या पाटीवर शोधणाऱ्याचं नाव हवं. आणि कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. नंदुरबारच्या कलेक्टर कचेरीत या कामासाठी एक जाणता माणूस नेमता येईल. त्याचा फोन नंबर प्रकाशे, सारंगखेड्याच्या ग्रामपंचायतींच्या आणि शहादा, तळोद्याच्या नगरपालिकांच्या फलकांवर लागावा, आणि ‘काही लागलं तर खणणं थांबवा, आम्हाला बोलवा, शेत तुमचंच राहील’ हे ग्रामसभेत भिली, पावरी, अहिराणीत सांगितलं जावं.