पहिले पंधरा दिवस

मित्रांनो, ताप आला की डॉक्टर गोळी देतात. तासा-दोन तासांत घाम येतो, ताप उतरतो आणि तुम्ही अंथरुणातून उठून बॅट शोधायला लागता! गोळी घेतली की बरं वाटतं, हा धडा आपण सगळेच लहानपणी शिकतो. आज मात्र या धड्याच्या अगदी उलट वागणाऱ्या गोळ्यांविषयी बोलू या. त्या आधी त्रास दाखवतात आणि गुण मागाहून. मनाच्या आजारावरच्या गोळ्या म्हणतोय मी.

समजा, भडगावात नववीत शिकणारी एक मुलगी आहे. तिचा दादा बारावीला. गेले दोन-तीन महिने दादा कुणाशी धड बोलत नव्हता. जेवण अर्ध्यावर टाकायचा. संध्याकाळी गिरणेच्या पुलापर्यंत फिरायला जाणंही त्यानं सोडलं. पुस्तक उघडं आणि नजर भिंतीवर! शेवटी वडील त्याला एस. टी.नं जळगावला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी डिप्रेशन, म्हणजे नैराश्याचा आजार, असं निदान केलं आणि रोज एक गोळी सुरू केली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दादाला मळमळायला लागलं. डोकं जड झालं. रात्री झोप लागेना. उदासपणा मात्र होता तेवढाच! चौथ्या दिवशी शेजारचे आजोबा ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "त्या गोया बंद करी दे रे भाऊ!" आई घाबरली. दादाही म्हणाला, "नकोच त्या."

आता सांगा बरं, यात चुकलं कुणाचं? खरं तर कुणाचंच नाही. आजोबा मायेनंच बोलले. पण गोळीचं काय करायचं हे ठरवायला चौथा दिवस फार लवकरचा आहे. का ते पाहू या.

डिप्रेशनवर फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशा गोळ्या देतात. त्या आपल्या शरीरातल्या सिरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात. तुम्ही म्हणाल, मनाचं रसायन म्हणजे ते मेंदूत असणार. तिथं ते आहेच. पण गंमत अशी, की शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन आपल्या आतड्यांत असतं! त्यामुळे गोळीची वर्दी पोटाला पहिल्याच दिवशी लागते. पोट कुरकुरतं, मळमळतं, कधी जुलाब होतात. मेंदूतल्या पेशींना मात्र या बदलाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. बहुतेकांची मळमळ आणि डोकेदुखी आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. मन हलकं होऊ लागायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता गुण यायला सहा-आठ आठवडेसुद्धा. म्हणजे पाहा, चौथ्या दिवशी गोळी सोडणारा माणूस त्रास तेवढा भोगतो आणि फायद्याच्या आधीच उठून जातो. पेरणी केली आणि चार दिवसांत उगवलं नाही म्हणून वावर पुन्हा नांगरलं, तर पीक कसं यायचं?

मनाचे आजार अनेक, तशा गोळ्याही अनेक. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात किंवा खोटे संशय छळतात, त्यांना रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी औषधं देतात. त्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं, भूक वाढते, वजन चढतं. कुणाचे हात थरथरतात, कुणाला एका जागी बसवतच नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी तुम्हाला पेंग येते ना? ओलान्झापिननं येणारी झोपही बरीचशी त्याच कारणानं येते. शरीरातल्या हिस्टामिन नावाच्या रसायनाचं काम दोन्ही गोळ्या अडवतात.

मग त्रास नुसता सोसायचा का? मुळीच नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घेतली तर चालेल का, झोप येत असेल तर ती रात्री घेऊ का, असं डॉक्टरांना विचारायचं. बहुतेक वेळा वेळ बदलून किंवा मात्रा हळूहळू वाढवून काम भागतं. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर औषधच बदलतात. तोंड कोरडं पडलं तर पाणी घोट घोट प्यावं. अंथरुणातून उठताना चक्कर येत असेल तर आधी काठावर बसावं, मग उभं राहावं. पोट साफ होत नसेल तर पालेभाजी, फळं, भरपूर पाणी आणि आपली कळण्याची भाकरी आहेच! एखादी गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. झोपेची गुंगी असेतो मोटारसायकल चालवू नये, विहिरीच्या काठाशी जाऊ नये.

खानदेशातल्या मित्रांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. मन कधी अतिशय उल्हासात तर कधी खोल उदासीत जातं अशा आजारावर लिथियम देतात. लिथियम हा एक क्षारच. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, माणूस दिवसभर उन्हात राबला किंवा त्याला जुलाब-उलट्या झाल्या, की हा धोका वाढतो. म्हणून लिथियम घेणाऱ्यानं पाणी भरपूर प्यावं, जेवणातलं मीठ एकदम तोडू नये आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावं. अंग दुखतं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नये. त्यानंही लिथियम वाढतं.

आता तुमचं काम. घरात कुणाला अशी गोळी सुरू झाली, किंवा तुम्हालाच सुरू झाली, तर शंभर पानी वही घ्या. पानावर पाच रकाने आखा: तारीख, गोळीची वेळ, झोप किती, त्रास काय, मन कसं. रोज दोन ओळी, बस्स! ज्याची गोळी आहे त्याला विचारून, त्याच्यासमोर लिहा. चोरून टेहळणी करायची नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांपुढे बसलं, की "बरं नाही वाटत" एवढंच आठवतं. वही मात्र सांगते, की मळमळ तिसऱ्या दिवशी सुरू झाली आणि नवव्या दिवशी थांबली. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. आणि दादालाही स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, की त्रास उतरतोय.

काही गोष्टींना मात्र वहीत थांबवायचं नाही. मान, जबडा किंवा डोळे अचानक एका बाजूला वळून आखडले. अंग ताठ होऊन जोराचा ताप आला. अंगावर पुरळ उठलं. लिथियम घेणारा माणूस उलट्या करू लागला, लटपटू लागला. तर त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखाना. मान वाकडी झाली की लोक म्हणतात बाहेरचं झालं, आणि अंगारा शोधत बसतात. अहो, तो औषधाचा ओळखीचा त्रास आहे. बहुतेकदा एका इंजेक्शननं तो थोड्याच वेळात उतरतो! रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर आहेच.

आणखी एक गोष्ट, जरा हळू आवाजात. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांची आणि तरुणांची तगमग वाढते, मरणाचे विचार येतात किंवा वाढतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत तसा इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. म्हणून गोळ्या घेऊच नयेत असा याचा अर्थ नाही. या दिवसांत एकटं राहू नये आणि एकटं सोडू नये, असा आहे. गोळ्यांची पाकिटं मोठ्यांच्या ताब्यात असावीत. आणि तुमच्या मनात असा विचार आला, तर तो गुपित म्हणून ठेवू नका. त्याच दिवशी आईला, सरांना, कुणाही जवळच्या मोठ्या माणसाला सांगा. दादा तुम्हाला म्हणाला, "कुणाला सांगू नको," तरीसुद्धा सांगा. ती चुगली नव्हे. सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं.

"सवय लागते हो या गोळ्यांची!" हेही कानावर येईल. वर सांगितलेल्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, सवय लागू शकते. म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस घ्यायच्या. मात्र कोणतीच गोळी एकदम तोडायची नसते. एकाएकी सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. मूळ आजारही उलटतो. सोडायची वेळ आली की डॉक्टर पायरी पायरीनं कमी करतात.

गोळी गिळतो एक जण, पण ती सांभाळावी लागते सगळ्या घराला. हे कळलेले एक गृहस्थ आपल्या खानदेशचेच होते. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळे जिल्ह्यातले, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा आजार होता. वाणी सरांनी तो लपवला नाही. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. आजारी माणसं आणि त्यांच्या घरचे लोक तिथं एकमेकांशी मोकळेपणानं बोलतात. २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही वाणी सर होते. त्यात आजारी भाऊ आहे, आणि त्याला समजून घेण्यासाठी धडपडणारी बहीण आहे. मोठे झालात की आई-बाबांबरोबर जरूर पाहा.

आई-बाबांनो, तुम्हाला एवढंच सांगणं. "वेड्याच्या गोळ्या" हा शब्द घरातून हद्दपार करा. वजन वाढलं, वर्गात डुलकी लागली म्हणून पोराला चिडवू नका, कुणाला चिडवू देऊ नका. औषध दुकानदाराला विचारून बदलू नका, आजोबांना विचारून थांबवू नका. आणि पहिल्या खेपेलाच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून या: त्रास काय होऊ शकतो, गुण कधी दिसेल, आणि मधेच अडचण आली तर फोन कुठं करायचा?

वहीच्या पहिल्या पानावर या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. खाली डॉक्टरांचा फोन नंबर. पुढचे पंधरा दिवस मग तुमचे. जमेल ना?