लूर्दला जावं का?

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या घरी दर उन्हाळ्यात एक बैठक भरते. भारतातून आई-बाबा यायचे असतात, हातात तीन आठवडे असतात. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम हे ठरलेलंच. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, लूर्द राहिलंच की! तिथे चमत्कार होतात म्हणे." नकाशा उघडला की कळतं, हे गाव फ्रान्सच्या पार खालच्या टोकाला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी. पॅरिसहून वेगवान रेल्वेनेसुद्धा पाचेक तास. म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस गेले. एवढं करण्यासारखं काही आहे का तिथे?

घाईत असाल तर माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नुसतं 'बघायला' जाणार असाल तर नका जाऊ. एक रात्र राहणार असाल तर जरूर जा. आणि घरात कोणी आजारी असेल तर मात्र प्रश्नच वेगळा. हा लेख खरं तर त्या तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

झालं असं की तुलूजला राहणाऱ्या एका मित्राचा फोन आला. (तिथे विमानांच्या कारखान्यांमुळे आपली बरीच पोरं आहेत.) त्याची आई येणार आहे. तिला पार्किन्सन्स, चाकाच्या खुर्चीशिवाय बाहेर पडणं अवघड. या माउलीचं अर्धं आयुष्य वांद्र्यात गेलं, शेजारणींबरोबर दर सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला जायची. तिला लूर्दला जायचंय. तुलूजहून लूर्द म्हणजे रेल्वेने दोनेक तास, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही. प्रश्न घरातला आहे. वहिनींचं म्हणणं, "आईंना खोटी आशा दाखवणं हा क्रूरपणा आहे. तिथून परत आल्यावर त्या जास्त खचतील." मित्राला दोन्ही बाजू पटतात. मी लूर्दला दोनदा जाऊन आलोय हे त्याला माहीत आहे, आणि मी फारसा देवभोळा नाही हेही. म्हणून निवाडा माझ्याकडे!

आधी थोडा इतिहास. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नादेत सुबिरू नावाची १४ वर्षांची मुलगी सरपण गोळा करायला मासाबिएलच्या कपारीपाशी गेली आणि तिला एक स्त्री दिसली. त्यानंतर १६ जुलैपर्यंत एकूण १८ वेळा दिसली. पोरगी गिरणीवाल्याची, पण धंदा बुडालेला. अख्खं कुटुंब एका जुन्या तुरुंगाच्या खोलीत राहायचं. तिला दमा होता आणि धड फ्रेंचही येत नव्हतं, तिकडची स्थानिक बोली तेवढी यायची. २५ फेब्रुवारीला तिने कपारीतली माती हाताने उकरली आणि तिथलं गढूळ पाणी प्यायली. लोक म्हणाले, वेड लागलंय. तोच आजचा झरा. १८६२ साली तिथल्या बिशपांनी या दर्शनांना मान्यता दिली, १८६६ मध्ये रेल्वे पोचली आणि पुढे जे व्हायचं ते झालं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बर्नादेत स्वतः कधीच बरी झाली नाही. १८६६ मध्ये ती दूर नेव्हेरच्या मठात गेली, पुन्हा लूर्दला आली नाही, आणि १८७९ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी क्षयाने गेली. झरा जिच्या हातून सापडला तिचंच दुखणं गेलं नाही. चर्चने हे लपवलेलं नाही, उलट १९३३ मध्ये तिला संतपद दिलं. म्हणजे लूर्दच्या मुळाशीच ही गोष्ट आहे की इथे आलेला बहुतेक माणूस जसा आला तसाच परत जातो.

आता चमत्कारांचा हिशेब. इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, काय करणार. लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय कचेरी आहे. कोणी 'मी बरा झालो' म्हणून आलं की तिथे फाइल उघडते. तिथे आलेला कुठलाही डॉक्टर, मग तो कुठल्याही धर्माचा असो वा नास्तिक, त्या चर्चेत बसू शकतो. आजवर ७,००० पेक्षा जास्त दावे नोंदले गेलेत आणि त्यातले चमत्कार म्हणून जाहीर झाले ७२. शेवटचा, ७२ वा, एप्रिल २०२५ मध्ये. त्याआधीचा ७१ वा तर भारीच. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला लिव्हरपूलचा जॉन ट्रेनर १९२३ मध्ये इथे बरा झाला, आणि मान्यता मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. आमच्या ऑफिसात एखादं तिकीट महिनाभर उघडं राहिलं तर मॅनेजर डोकं खातो. हे तिकीट १०१ वर्षांनी बंद झालं!

कामाची विभागणीही बघण्यासारखी आहे. डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द वापरत नाहीत. ते एवढंच म्हणतात की आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचं स्पष्टीकरण देता येत नाही. चमत्कार म्हणायचं की नाही हे बरा झालेला माणूस ज्या भागातला, तिथला बिशप ठरवतो. डॉक्टरांचा शेरा म्हणजे आपल्या भाषेत 'कारण सापडलं नाही'. कारण सापडलं नाही याचा अर्थ कारण नाहीच असा होत नाही, आणि देवाने केलं असा तर मुळीच होत नाही. पुढची उडी श्रद्धेची आहे आणि ती श्रद्धेच्याच माणसाने मारायची, असं निदान ते स्वतः मान्य करतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

पण मित्राने नेमका तो ७२ चा आकडा धरला. "अरे, ती शेवटची इटालियन बाई, तिचाही मज्जासंस्थेचाच आजार होता ना?" हो, होता. पण ७२ हा काही यशाचा दर नाही. उपचारांमुळे बरं झाल्याची शक्यता दिसली की सहसा फाइल पुढे सरकतच नाही. त्यामुळे वरचा आकडा मुद्दाम लहान ठेवलेला, आणि खाली भागायला नक्की किती कोटी घ्यायचे याचा पत्ता नाही. यातून आईंसाठी शक्यता काढणं म्हणजे गणिताचा अपमान. शून्य धरून चालायचं. झऱ्याच्या पाण्याचंही तेच. १८५८ मध्येच तुलूजच्या एका प्राध्यापकांनी ते तपासलं होतं. साधं पिण्याचं पाणी निघालं.

मग तिथे आहे तरी काय?

पहिल्यांदा दिसतो तो बाजार. कपारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं: जपमाळा, मेणबत्त्या, आणि मेरीच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, ज्यांचं निळं मुकुटाचं झाकण फिरवून उघडायचं. पाणी फुकट आहे, पैसे बाटलीचे. फ्रेंच लोक याला नाकं मुरडतात. आपण कशाला मुरडायची? पंढरपूर, जेजुरी, तिरुपती बघितलेल्या माणसाला यात नवीन ते काय! देवळाच्या आवाराचं फाटक ओलांडलं की आत हा बाजार नाही. आपल्याकडे एवढं जमलं तरी पुष्कळ.

दुसरी दिसते ती वास्तुकला. डोंगरावरची दोन चर्चं, एकावर एक चढवल्यासारखी, आणि जमिनीखाली १९५८ चं एक अवाढव्य काँक्रीटचं सभागृह, जिथे वीसेक हजार माणसं मावतात. खरं सांगायचं तर यासाठी कोणी लूर्दला जाऊ नये. शार्त्रला जा. आणि एक गोष्ट माहीत असलेली बरी. रोझरी बॅसिलिकाच्या दर्शनी भागावर मार्को रुपनिक या धर्मगुरूची मोझेक आहेत, २००८ च्या सुमारास बसवलेली. पुढे अनेक स्त्रियांनी त्याच्यावर अत्याचाराचे आरोप केले आणि २०२३ मध्ये त्याला जेझुइट संघातून काढण्यात आलं. लूर्दच्या बिशपांनी २०२४ मध्ये त्या मोझेकवरची रात्रीची रोषणाई बंद केली आणि २०२५ मध्ये दारांवरचा भाग झाकला. पवित्र जागांचा कारभारही माणसंच चालवतात, हे सगळ्याच धर्मांना लागू.

तिसरी गोष्ट दिसायला वेळ लागतो. ती म्हणजे आजारी माणसं. जगात सगळीकडे चाकाची खुर्ची आली की लोक "जरा बाजूला घ्या हो" करतात. उतरंड शोधा, लिफ्ट शोधा, वेटरशी हुज्जत घाला. लूर्दला उलटं आहे. खुर्च्या आणि निळ्या टपाच्या तीनचाकी गाड्या सगळ्यात पुढे, धडधाकट लोक मागे. त्या गाड्या ओढणारे स्वयंसेवक स्वखर्चाने येतात. त्यात शाळकरी पोरं असतात, निवृत्त बँकवाले असतात. कोणी बघत राहत नाही, कोणी "अरेरे" म्हणत नाही. ज्याचा हात थरथरतोय, ज्याच्या तोंडातून लाळ गळतेय, तो तिथे नेहमीचा माणूस आहे आणि तुम्ही-आम्ही पाहुणे. एप्रिल ते ऑक्टोबर रोज रात्री नऊ वाजता मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. तिच्यातही पुढे खुर्च्याच. पाच-सहा भाषांत जप चालतो आणि धृपद आलं की हजारो हात मेणबत्ती वर करतात. माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही तिथे उगाच फोटो काढावासा वाटला नाही, यावरून काय ते समजा :)

वारीला जाणाऱ्याला आपण कधी विचारतो का, की विठ्ठलाने तुझा गुडघा बरा केला का? नाही विचारत. वारीचं फळ वारीतच असतं हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. लूर्दलाही तोच नियम लावा, म्हणजे ७२ च्या आकड्याचा गोंधळ होत नाही.

तेव्हा वहिनींच्या मुद्द्याला माझं उत्तर असं. खोटी आशा लूर्द देत नाही, ती आपण घरून डब्यात भरून नेतो. "आई, तिकडे गेलं की तू चालायला लागशील" असं म्हणालात तर तो क्रूरपणा, वहिनींचं शंभर टक्के बरोबर. पण "आई, आजार जाणार नाही. तुला मेरीसमोर मेणबत्ती लावायचीये, आपण लावू" असं म्हटलं तर त्यात खोटं काय आहे? एका रात्रीपुरतं तरी तिला गर्दीत कोणाची अडचण न होता बसता येईल. पार्किन्सन्सच्या माणसाच्या वाट्याला असे दिवस फार येत नाहीत.

जाणार असाल तर थोडक्यात: एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच जा, हिवाळ्यात बरीचशी हॉटेलं बंद असतात. १५ ऑगस्टच्या आसपास गर्दी प्रचंड, तेव्हा टाळा. आवारात शिरायला तिकीट नाही. २०२० मध्ये कोविडमुळे तिथली स्नानं थांबली आणि त्यानंतर ओंजळीने चेहरा-हात धुण्याची पद्धत सुरू झाली. आजारी माणसासाठी ती सोयीचीच, कारण पाणी चांगलंच गार असतं. औषधांच्या वेळा मात्र अजिबात चुकवू नका, मिरवणूक चालू असली तरी. आणि घरातल्या कोणाला यात काडीचाही रस नसेल तर त्याला गावार्नीला पाठवून द्या. पन्नासेक किलोमीटरवर डोंगरकड्यांचं अफाट अर्धवर्तुळ आहे, पैसे वसूल.

राहता राहिला मित्राचा निवाडा. त्याला मी एवढंच म्हणालो, की तू विचारतोयस, वहिनी विचारतायत, मी लेख लिहितोय, पण काकूंना कोणी विचारलंय का, की त्यांना तिथे नेमकं काय हवंय? आजारी माणसाच्या वतीने आपण तिकीटही परस्पर काढतो आणि परस्पर रद्दही करतो. दोन्ही करू नये.

असो. बघा पटतंय का.